म्युनिकमध्ये चित्रे पाहण्याची सवय लागली. तीच नजर बडोद्यात उपयोगी पडेल का?

दांडियाबाजारची लेक

नमस्कार. माझा जन्म बडोद्याचा, घर दांडिया बाजारात. शाळा, क्लास आणि प्रवेशपरीक्षा यांत बारावीपर्यंतची वर्षे गेली, पुढे इथेच अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि नंतर म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात शिकायला गेले. अडीच वर्षांनी, गेल्या महिन्यात, परत आले. या अडीच वर्षांत मला चित्रांची ओढ लागली. घरात कोणालाही, मलासुद्धा, याची कधी कल्पना नव्हती. त्यासंबंधी येथील जाणकारांना एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो नीट कळावा म्हणून आधीची हकीकत थोडी विस्ताराने सांगते.

आमच्या विद्यापीठाची मुख्य इमारत आणि ‘आल्टे पिनाकोथेक’ हे जुन्या युरोपीय चित्रांचे संग्रहालय यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे. पहिले काही महिने मी त्याच्यासमोरच्या हिरवळीवर बसून डबा खात असे, पण आत जावे असे कधी वाटले नाही. ती इमारत १८३६ साली उघडली, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत तिचा मधला भाग कोसळला, आणि युद्धानंतर हान्स ड्योलगास्ट या वास्तुविशारदाने ती पुन्हा उभी करताना तो भाग ढिगाऱ्यातल्याच साध्या विटांनी, गिलावा न करता भरून काढला. त्यामुळे दर्शनी भिंतीवर जखम भरून आल्यावर राहतो तसा वण आजही दिसतो. तो वण मी रोज पाहत होते. तो काय आहे हे मात्र मला पुष्कळ दिवसांनी कळले.

रविवारी तिथले तिकीट एक युरो असते. डिसेंबरातल्या एका रविवारी वसतिगृह रिकामे होते, बाहेर बर्फ पडत होते, घरची आठवण अनावर झाली होती, आणि केवळ चार माणसांत बसावे, ऊब मिळावी म्हणून मी आत गेले. सगळी दालने भराभर संपवून बाहेर पडत असताना आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५०० साली काढलेल्या त्याच्या स्वतःच्या चित्रापुढे माझे पाय थांबले. चित्र मोठे नाही. उंची साधारण ६७ सेंटिमीटर आणि रुंदी ४९. अठ्ठावीस वर्षांचा तो तरुण अगदी समोरून आपल्याकडे पाहतो, खांद्यावर केसांच्या बटा रुळतात, अंगात फरची पट्टी लावलेला कोट आहे आणि एका हाताची बोटे त्या फरमध्ये किंचित रुतली आहेत. मी त्या बोटांकडेच पाहत राहिले. जवळून पाहावे तर फरचा केस न् केस निराळा रंगवलेला दिसे, आणि दोन पावले मागे सरावे तर केस नाहीसे होऊन नुसता मऊपणा उरे. हे कसे होते, नेमके कोणत्या पावलाला होते, हे पाहण्यासाठी मी कितीतरी वेळा पुढे-मागे झाले. घड्याळ पाहिले तेव्हा पाऊण तास गेला होता.

त्यानंतर बहुतेक प्रत्येक रविवारी मी जाऊ लागले, आणि एका दिवशी एकच चित्र पाहायचे असा नेम स्वतःला घालून घेतला. आल्टडॉर्फरने १५२९ मध्ये काढलेल्या इससच्या लढाईच्या चित्राला मी चार रविवार दिले. शिकंदर आणि इराणचा राजा दारयवहू यांच्या त्या लढाईत हजारो सैनिक आहेत, आणि दोघेही राजे त्या गर्दीत इतके लहान आहेत की ते शोधावे लागतात. वर आभाळात एकीकडे चंद्रकोर आणि दुसरीकडे मावळता सूर्य. मला हे कोणी शिकवले नव्हते. मी फक्त उभी राहत होते.

आता मुख्य गोष्ट. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या उत्सुकतेने गायकवाड राजघराण्याच्या कीर्तिमंदिर या स्मारकात गेले, कारण शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आपल्या गावात आहेत हे मला म्युनिकमध्ये एका पुस्तकात वाचायला मिळाले होते. बावीस वर्षे या गावात राहून मला ते ठाऊक नव्हते, याचे फार वाईट वाटले. पण खरे सांगते, पंधरा मिनिटांत मी बाहेर आले. आकृत्या सपाट वाटल्या, डोळा कुठे टेकवावा ते कळेना, आणि ड्यूररच्या बोटांपुढे जे झाले ते इथे होईना. शाळेच्या सहलीत कमाटीबागेतल्या संग्रहालयात गेलो होतो, त्यातले मला देवमाशाचा सांगाडा आणि ममी एवढेच आठवते. घरी म्हणावे तर देवघरात आजीची रविवर्म्याची लक्ष्मी आहे, पण तिच्याकडे चित्र म्हणून पाहावे की कसे, हेही मला उमगत नाही.

बाबा परवा म्हणाले, “हे सगळे इथे होतेच की ग. त्यासाठी तुला तिकडे जावे लागले?” ते रागाने म्हणाले नाहीत, पण ते शब्द मनातून जात नाहीत. माझा प्रश्न असा आहे: मला लागलेली गोडी फक्त युरोपातल्या चित्रांची आहे की चित्रांची आहे, हे कसे ओळखावे? आणि बडोद्यात सुरुवात करायची तर कुठून करावी?

खडू आणि फळा

तुमचे पत्र दोनदा वाचले. मी बडोद्यात चौतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि आता निवृत्त आहे. तुमच्यासारख्या सहलीला आलेल्या मुलांच्या रांगा मीही संग्रहालयातून पुढे सरकवल्या आहेत, कारण चार वाजता बस सुटायची असे. तेव्हा तुम्हाला देवमासा तेवढा आठवतो यात तुमचा दोष मुळीच नाही.

कीर्तिमंदिरात तुमचा डोळा टेकला नाही, याचे कारण माझ्या मते असे आहे की तुम्ही भिंतीकडे तैलचित्र पाहावे तसे पाहिलेत. ड्यूररच्या चित्रात एका बाजूने प्रकाश येतो, रंगाचे पातळ थर एकावर एक चढतात, त्यातून फरचा मऊपणा आणि हाताचा गोलवा तयार होतो. नंदलालबाबूंना भिंतीवर तो गोलवा आणायचाच नव्हता. त्यांचे सगळे बळ रेषेत आहे. १९०९-१० च्या सुमारास त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांत राहून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या, आणि भिंतीवर आकृती कशी उभी करायची, तिचा तोल रेषेवर कसा तोलायचा, हे त्यांच्या हातात तिथून आले. छाया-प्रकाश शोधणाऱ्या डोळ्याला ती आकृती सपाट वाटणारच.

एक उपाय सुचवतो. मुलांवर तो मी अनेक वर्षे करून पाहिला आहे. भिंतीपुढे एकच आकृती निवडा आणि तिच्या खांद्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंतची रेषा उजव्या हाताच्या तर्जनीने हवेत गिरवा. घाई करू नका. कुठे रेषा जाड होते, कुठे बारीक होत जाते, कुठे वस्त्राच्या चुणीत शिरून पलीकडे निघते, हे बोटाला आधी समजते आणि डोळ्याला मागून. पहिल्यांदा संकोच वाटेल, वाटू द्या.

दुसरे असे की चारही भिंती एका दिवशी पाहू नका. तुमचा म्युनिकचा नेम इथेही पाळा. गंगावतरण १९३९ चे आहे, मीरेचे जीवन त्याच्या पुढच्या वर्षीचे, टागोरांच्या नाटकावरची नटीर पूजा १९४३ ची आणि कुरुक्षेत्राची भिंत शेवटची, १९४५-४६ ची. सात वर्षांच्या अवधीत तो हात बदलत गेला आहे, म्हणून याच क्रमाने पाहणे चांगले. या कामासाठी त्यांना बडोद्याला बोलावणारे सयाजीराव महाराज १९३९ च्या फेब्रुवारीतच गेले. चारही भिंती पूर्ण झालेल्या पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. मी जेव्हा तिथे उभा राहतो तेव्हा हे माझ्या मनात येतेच.

कुरुक्षेत्राच्या भिंतीविषयी मात्र तुम्हाला स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते. तुम्ही आल्टडॉर्फरच्या लढाईला चार रविवार दिलेत. त्या चित्रात तुम्ही एका जागी उभ्या होतात खऱ्या, पण तुमचा डोळा उभा नव्हता. तो हजारो भाल्यांतून वाट काढत राजांना शोधत होता. कुरुक्षेत्रापुढे तुम्हाला हेच करायचे आहे, फक्त इथे डोळ्याबरोबर पायांनीही चालावे लागते. एका टोकाला उभ्या राहा आणि भिंतीच्या कडेने सावकाश दुसऱ्या टोकाला जा. म्हणजे जी सवय हवी ती तुम्हाला आधीच लागली आहे. ती तुम्ही दुसऱ्याच चित्रावर वापरलीत, एवढेच.

आणखी एक माहिती देतो. शांतिनिकेतनात नंदलालबाबूंच्या हाताखाली शिकलेले के. जी. सुब्रमण्यन पुढे बडोद्याच्या ललित कला महाविद्यालयात शिकवायला आले. हे महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. म्हणजे कीर्तिमंदिराची भिंत आणि फाइन आर्ट्सचे आवार यांच्यात गुरुशिष्याचे सरळ नाते आहे. तिथली मुले दुपारी आवारात काम करत असतात, त्यांच्याशी बोला. तुम्हाला जे वाचून कळणार नाही ते त्यांचे हात पाहून कळेल.

मीठ-मिरची

वरच्या गुरुजींच्या अनुभवापुढे माझे वाचन थोडे आहे, तरीही एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. मी बडोद्याच्या वाडी भागात वाढलो आणि ॲम्स्टरडॅमला दोन वर्षे अर्थशास्त्र शिकलो. तिकडच्या चित्रांसाठी एक डोळा आणि इकडच्या भिंतींसाठी दुसरा, अशी विभागणी केली की आपण आपल्यासाठीच दार लावून घेतो, असे मला वाटते.

तिथे असताना मला कळले की डच चित्रकार रेम्ब्राँने साधारण १६५६ ते १६६१ या काळात मुघल लघुचित्रे समोर ठेवून त्यांवरून रेखाटने केली होती. त्यांतली वीसहून अधिक आज वेगवेगळ्या संग्रहांत टिकून आहेत. शाहजहानचा अंगरखा, पगडी आणि पावलांची ठेवण तो किती बारकाईने टिपत होता हे पाहताना मी थक्क झालो. म्हणजे ज्या माणसाला आपण छाया-प्रकाशाचा राजा समजतो, तो आपल्याकडची रेषा शिकायला बसला होता. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या छापचित्रांवरून तैलरंगांत प्रतिकृती केल्या. त्या मी ॲम्स्टरडॅममध्ये पाहिल्या, आणि मूळ रेषा तो हाताने शिकत होता हे त्यांत स्पष्ट दिसते. चित्रकारांनी जर अशी कुंपणे मानली नाहीत, तर पाहणाऱ्याने तरी ती का मानावीत?

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला असे वाटते. इथे असताना रविवार आपला नसतो. नातेवाईक, लग्ने, भाजी, कोणाला तरी स्टेशनवर सोडायचे असते. परदेशात पहिल्यांदा आपल्याला कोणी हाक मारत नाही असा रविवार मिळतो, आणि त्या एकटेपणातच माणूस एखाद्या चित्रापुढे पाऊण तास उभा राहू शकतो. बडोद्यात चित्रे होती; तो पाऊण तास नव्हता. तुम्ही आता तो मागून घ्या, घरी सांगून घ्या.

खडू आणि फळा

रेम्ब्राँचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो आठवण करून दिल्याबद्दल आभार. मी डोळे दोन आहेत असे म्हणत नाही. साधन बदलले की डोळ्याला थोडा वेळ द्यावा लागतो, इतकेच मला म्हणायचे होते. रेम्ब्राँनेही मुघल चित्रावरून काढताना तैलरंग बाजूला ठेवून लेखणी हातात घेतली होती.

ज्यांना युरोपीय तैलचित्रांची ओढ आहे त्यांनी कमाटीबागेतल्या चित्रदालनाकडे जरूर जावे. सयाजीराव महाराजांनी लंडनचे कलासमीक्षक स्पीलमन यांच्या मदतीने तो युरोपीय संग्रह जमवला. इमारत १९१४ साली तयार झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे चित्रे येण्यास विलंब झाला आणि दालन १९२१ मध्ये उघडले. पुढे १९४० च्या दशकात हर्मान गोएट्झ हे जर्मन कलाइतिहासकार या संग्रहालयाचे संचालक होते. जर्मनीतून आलेला हा माणूस आपल्या गावात बसून भारतीय कलेवर लिहीत होता, हे तुम्हाला, जर्मनीत राहून आलेल्या मुलीला, मुद्दाम सांगावेसे वाटले.

राजवाड्याजवळ, इंदूर

मी इंदूरची आहे, त्यामुळे बडोद्याविषयी अधिकाराने बोलणार नाही, परंतु दोन गोष्टी या चर्चेत याव्यात असे वाटते. बडोद्याच्या ज्या महाविद्यालयाचा उल्लेख वर आला आहे, तिथला चित्रकला विभाग उभा करणारे ना. श्री. बेंद्रे हे आमच्या इंदूरचे. त्यांचा जन्म १९१० चा, आणि त्यांचे पहिले शिक्षण इथेच देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली झाले.

दुसरी गोष्ट नंदलाल बोस यांच्याविषयी. अजिंठ्याचा उल्लेख झाला. पण १९२१ साली ते असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांच्याबरोबर बाघच्या लेण्यांतही प्रतिकृती करण्यासाठी आले होते. बाघ इंदूरहून दिवसभरात जाऊन येण्यासारखे आहे, धार जिल्ह्यात. त्या वेळी बाघ ग्वाल्हेर संस्थानात होते. तिथली मूळ चित्रे आता बरीच पुसट झाली आहेत, आणि ग्वाल्हेरच्या गुजरी महाल या संग्रहालयात प्रतिकृती पाहायला मिळतात. माझे लग्न ग्वाल्हेरला झाले, तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्यांदा तिथे नेले. हत्ती-घोड्यांवरून जाणारी ती मिरवणूक मी पाहिली, आणि काही वर्षांनी बडोद्याला बहिणीकडे आले असता कीर्तिमंदिरात गेले, तेव्हा ती रेषा मला ओळखीची वाटली. ताई, तुम्हाला जमले तर आधी बाघ किंवा गुजरी महाल पाहा आणि मग पुन्हा कीर्तिमंदिराकडे या. एखाद्या माणसाच्या आईवडिलांना भेटून आल्यावर तो माणूस जसा निराळा दिसतो, तसे होते.

शिळाप्रेस

सर्वांनी भिंती आणि संग्रहालये यांच्याविषयी सांगितले. मी बडोद्यातल्या रावपुऱ्यात तीन पिढ्यांचा छापखाना चालवतो, म्हणून मला ताईंच्या आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीविषयी लिहायचे आहे. त्यांनी विचारले आहे की तिच्याकडे चित्र म्हणून पाहावे की नाही. जरूर पाहावे, शिवाय ते चित्र आणि म्युनिक यांचा फार जवळचा संबंध आहे.

राजा रविवर्मा बडोद्याला आले ते सयाजीरावांच्या राज्याधिकाराच्या समारंभाच्या निमित्ताने, १८८१ च्या सुमारास. पुढे लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे केली, ती १८९० मध्ये पूर्ण झाली. ती लोकांना इतकी आवडली की त्यांच्या छापील प्रती काढाव्यात असा विचार पुढे आला, आणि १८९४ साली मुंबईत रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रे जर्मनीहून आणली होती, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला.

पण खरा धागा त्याहून मागचा आहे. ही चित्रे दगडावरून छापलेली आहेत. आमच्या आजोबांच्या काळी याला शिळाछाप म्हणत. पोथ्याही तशाच छापल्या जात. ही पद्धत १७९० च्या दशकात आलोइस झेनेफेल्डर याने शोधली, ती म्युनिकमध्ये. तो नाटके लिहीत असे आणि ती स्वतः स्वस्तात छापता यावीत म्हणून धडपडत होता. त्यासाठी त्याला जो दगड सापडला तो बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड, अगदी एकसारखा, बारीक कणांचा. आजही शिळाछापाच्या कामात त्याच दगडाचे नाव आधी घेतात.

काम असे चालते. दगड घासून गुळगुळीत करतात. त्याच्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात. मग दगड पाण्याने ओला करतात. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पाणी ठरत नाही, आणि जिथे पाणी आहे तिथे शाईचा रूळ फिरवला तरी शाई चिकटत नाही. कोरीव काम नाही, उठाव नाही, सगळा खेळ तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत यावर. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागतो, आणि कागद प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी बसावा लागतो. केसभर सरकला तर ओठाचा लाल रंग हनुवटीवर उतरतो. शेवटी वरून वॉर्निश देत आणि कधी कधी कागदावर कॅनव्हाससारखी पोत उठवत, म्हणजे ते तैलचित्रासारखे दिसावे.

ताई, आजीची परवानगी घेऊन ती तसबीर एकदा खाली उतरवा. काच पुसा आणि भिंगातून लक्ष्मीचा गाल पाहा. जुनी छपाई असेल तर तिथे सपाट रंग दिसणार नाही. दगडावर माणसाने हाताने टिंबे मांडलेली असतील, आणि सावली टिंबांच्या दाटीतून तयार झालेली असेल. ड्यूररच्या फरपुढे तुम्ही पुढे-मागे झालात ना, तसेच इथे भिंग पुढे-मागे करा.

दांडियाबाजारची लेक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला दहा दिवस लावले, कारण तुम्ही सांगितलेले आधी करून पाहावे असे ठरवले होते.

कीर्तिमंदिरात तीनदा गेले. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे गंगावतरणापासून सुरुवात केली आणि अजून मीरेच्या भिंतीपुढेच आहे; कुरुक्षेत्राकडे मुद्दाम पाठ ठेवली आहे. बोटाने रेषा गिरवताना पहिल्या दिवशी संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी बाबा सोबत आले होते. ते आधी दारापाशी उभे राहिले, मग माझ्या शेजारी आले, आणि थोड्या वेळाने मी पाहिले तर त्यांचाही हात कमरेपाशी, कोणाला दिसू नये अशा बेताने, हलत होता. एका वस्त्राच्या काठाची रेषा कुठे सुटते ते मला सापडत नव्हते. ती त्यांनी दाखवली. अजूनही मला तिथे ड्यूररपुढे झाले तसे काही झालेले नाही, आणि झाले आहे असे मी म्हणणार नाही. पण आता मी पंधरा मिनिटांत बाहेर येत नाही.

लक्ष्मीची तसबीर उतरवायला आजी सहजासहजी तयार झाली नाही. रोजची पूजेतली तसबीर. तिच्या लग्नात माहेरून आलेली. शेवटी गुरुवारची पूजा आटोपल्यावर, संध्याकाळच्या दिव्याच्या आत परत जागेवर लावायची या अटीवर तिने होकार दिला, आणि स्वतःच्या हाताने उतरवली. काचेवर कुंकवाचे बोट वर्षानुवर्षे त्याच जागी टेकून तिथे एक तपकिरी डाग घट्ट बसला होता. तो पुसू का म्हणून मी विचारले. ती नको म्हणाली, तेव्हा डाग राहू दिला आणि मागची फळी सोडवून चित्र काचेपासून वेगळे केले. चौकटीखाली झाकलेल्या खालच्या कडेला छापखान्याचे नाव बारीक अक्षरांत निघाले. रविवर्मा यांचाच छापखाना.

बाबांच्या टेबलाच्या खणातले भिंग आणून आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो. शिळाप्रेस यांनी लिहिले होते तसेच होते. गाल म्हणजे टिंबे. गुलाबी, त्यांत फिकट तांबूस, आणि हनुवटीखाली जिथे सावली आहे तिथे करडी टिंबे इतकी दाट की बोटाखाली येतील तेवढीही मोजता येणार नाहीत. हत्तीच्या सोंडेतल्या हारात एका ठिकाणी पिवळा रंग पाकळीच्या बाहेर किंचित सरकलेला आहे. म्हणजे मळवलीला किंवा मुंबईला, कोणातरी कारागिराच्या हातून त्या एका कागदापुरता दगड केसभर चुकला होता. तो सरकलेला पिवळा मी आजीला दाखवला.

आजीने भिंग डोळ्याशी धरले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “साठ वर्षं रोज हिच्याकडे बघते, पण मी पाया पडत होते ग, बघत नव्हते.” आणि भिंग परत न देता ती लक्ष्मीच्या पावलांकडे, कमळाकडे, खालच्या पाण्याकडे सरकत गेली. कमळाच्या एका पाकळीवर थांबून तिने मला विचारले, हा निळा दगड वेगळा आणि हा हिरवा वेगळा का? मी हो म्हटले. दिवेलागण झाली तेव्हा बाबांनी आवाज दिला, आजी म्हणाली, “पाच मिनिटं थांब.”